स्क्रू पंपाचं मार्केट कुठे शोधायचं?

प्रश्न : मी भांडुपला राहते. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. वडिलांचं रबाळे एमआयडीसीत रबर मोल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. ईटीपीचा (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) गाळ ओढणाऱ्या प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी स्क्रू पंपाच्या धंद्यात उतरायचा विचार आहे. एखाद्या कंपनीची एजन्सी घेऊ की पंपातला स्टेटर, म्हणजे झिजला की बदलावा लागणारा रबरी भाग, बनवू? मार्केटचा अंदाज यावा म्हणून एका संस्थेकडे चौकशी केली, तर ते जागतिक रिपोर्टचे साडेतीन लाख मागतात. घ्यावा का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : रिपोर्ट घेऊ नका. त्यात साऱ्या जगाची उलाढाल डॉलरमध्ये मिळेल, पण तळोज्यात कोणत्या साइजचा पंप किती स्टेटर खातो हे मिळणार नाही. तुम्हाला तर तेवढंच हवं आहे.

मी तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात खरेदी विभागात होतो. नव्या पंपाचा इंडेंट (खरेदीची मागणी) माझ्या टेबलावर क्वचित यायचा, स्टेटरचा मात्र नेमाने. या पंपात क्रोम चढवलेला पीळदार दांडा, म्हणजे रोटर, रबराच्या स्टेटरमध्ये घासतच फिरतो. गाळात रेती असली की रबर झिजतं आणि टाकी रिकामी असताना पंप चालू राहिला तर काही मिनिटांत जळतं. मग फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र) बंद पडते, टाक्या भरत येतात आणि प्लँटमधून फोन सुरू होतात. अशा वेळी घासाघीस करायला कुणाला फुरसत नसते, ‘संध्याकाळपर्यंत मिळेल का?’ एवढंच विचारतात. तुमचं गिऱ्हाईक हेच.

तळोजा, ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ, तारापूर इथल्या सीईटीपींपासून (अनेक कारखान्यांच्या सामायिक ईटीपींपासून) सुरुवात करा, मग आसपासचे कारखाने. साहेबांची परवानगी घ्या, पण बोला मेंटेनन्सच्या फिटरशी. नेमप्लेटवरचं मॉडेल, पंपातून काय जातं, स्टेटर शेवटचा कधी बदलला, कुणी दिला, यायला किती दिवस लागले, हे सगळं वहीत उतरवा. आणि भंगारात टाकलेला जुना स्टेटर बघायला मागा. वडिलांना सोबत न्या, रबर त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आतून ओरखडे आणि चर पडले असतील तर रेतीने झिजलाय. कडक होऊन तडकला, काळे तुकडे सुटत असतील तर बहुतेक कोरडा चाललाय. फुगून मऊ पडला असेल तर रबरच चुकीचं बसवलंय. तेलकट गाळाला ईपीडीएम जातीचं रबर दिलं की हमखास असं होतं, तिथे नायट्राइल रबर हवं. कॉस्टिक सोड्याला ईपीडीएम चालतं, टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटला व्हायटॉन लागतं. असे फुगलेले स्टेटर जिथे सापडतील तिथे तुमच्यासाठी जागा आहे, कारण त्या कारखान्याला स्वस्त माल नको, योग्य रबर सांगणारा माणूस हवाय.

मोजताना एक पथ्य पाळा. फिल्टर प्रेस दिसली म्हणजे तिच्यावर स्क्रू पंप असेलच असं धरू नका. लहान ईटीपीत पुष्कळदा हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप असतो. तो स्वस्त पडतो आणि कोरडा चालला तरी सहसा बिघडत नाही. तुमची खरी स्पर्धा त्याच्याशी आहे. त्याला कॉम्प्रेस्ड एअर लागते, म्हणून विजेच्या बिलाची चौकशी तिथे जरूर करा. पॉलिइलेक्ट्रोलाइट नावाचं रसायन घालून गाळाचे गोळे बांधले असतील, तर ते न फोडता संथपणे पुढे ढकलणं मात्र स्क्रू पंपाला छान जमतं.

आयातीचे आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर फुकट आहेत. पण कस्टम्सच्या कोड ८४१३६० मध्ये गिअर पंपही मोजले जातात, आणि ८४१३९१ मध्ये तर सगळ्याच पंपांचे सुटे भाग. तो आकडा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘आमचं मार्केट’ म्हणून टाकू नका. मुंबई महापालिकेच्या वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, भांडुप, घाटकोपर, धारावी या सात नव्या मलजल शुद्धीकरण केंद्रांचंही तसंच. एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर, ऐकून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. पण अशा कामांत पंप ‘अप्रूव्ड मेक’च्या (आधीच मंजूर केलेल्या कंपन्यांच्या) यादीतून घेतात आणि नव्या नावाला त्या यादीत शिरायला वेळ लागतो. टेंडरमधलं गाळ-पंपाचं स्पेसिफिकेशन तेवढं वाचून ठेवा, शिकायला मिळेल.

आता एजन्सी की स्टेटर? घरात मोल्डिंग असताना एजन्सी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एजन्सीत टार्गेट येतं, स्टॉक गळ्यात पडतो आणि मोठी गिऱ्हाइकं कंपनी बहुधा स्वतःकडेच ठेवते. स्टेटरमध्ये खर्च आहे तो कोअरचा, म्हणजे रबराला आतून आकार देणाऱ्या साच्याचा. प्रत्येक साइजला वेगळा, पीळदार, अचूक मशीनिंगचा कोअर लागतो. म्हणून वहीत ज्या दोन-तीन साइज पुन्हा पुन्हा दिसतील तेवढ्याच धरा. माल स्वतःच्या नावाने विका, दुसऱ्याचा मार्का मारू नका. आणि एखाद्या कारखान्याने ‘ट्रायलला लावू, ठरलेले तास चालला तर इतके नग घेऊ’ असं लेटरहेडवर लिहून दिल्याशिवाय पहिल्या कोअरची ऑर्डर देऊ नका.