वाचकांचे प्रश्न : जनरेटरचा धूर आणि संशोधनाचा निधी

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १२५ केव्हीएचा जुना डिझेल जनरेटर आहे. फिल्टर बसवून धूर किती कमी होतो, यावर संशोधनाचा प्रस्ताव पाठवायचा आहे. पैसे कशाकशासाठी मागावेत?

उत्तर : फिल्टर सगळ्यात शेवटी घ्या. आधी महिनाभर लोड, एक्झॉस्टचं तापमान आणि बॅकप्रेशर (एक्झॉस्टच्या वाटेतल्या अडथळ्यामुळे इंजिनावर येणारा उलटा दाब) यांची नोंद ठेवा. त्यासाठी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार), प्रेशर सेन्सर आणि नोंदी साठवणारा डेटा लॉगर पुरेत. गरजेपेक्षा मोठा घेतलेला जनरेटर २०-२५ टक्के लोडवर धावतो आणि एक्झॉस्ट थंड राहतो. फिल्टरमधली काजळी नुसत्या ऑक्सिजनवर जळायला ५५०-६०० अंश सेल्सिअस लागतात. फिल्टरच्या आधी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट (धुरातल्या वायूंचं ऑक्सिडीकरण घडवणारा उत्प्रेरक) असेल, तर त्यातून निघणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे ती २५०-३०० अंशांपासूनच जळू लागते. तेवढीही उष्णता मिळाली नाही तर फिल्टर तुंबतो आणि डिझेल जास्त जातं. साठलेली काजळी एखाद दिवशी एकदम पेटली, की फिल्टरच्या सिरॅमिकला तडे जातात. लोड कायम कमीच असेल, तर लोड बँक (जनरेटरवर कृत्रिम लोड टाकणारं उपकरण) किंवा हीटर असलेला फिल्टर प्रस्तावातच मागा.

मोजणीत हात आखडू नका. नुसत्या स्मोक मीटरवर (धुराचा गडदपणा मोजणारं यंत्र) विसंबणं चूक, कारण अतिसूक्ष्म कण त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. कण फिल्टर पेपरवर गोळा करा आणि पेपर ठरावीक तापमान-आर्द्रतेत ठेवून, आधी आणि नंतर, मायक्रोग्रॅमपर्यंत तोला. आयएसओ ८१७८ या इंजिनांच्या उत्सर्जन चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या, जनरेटरसाठीच्या डी२ चक्राचे पाचही टप्पे (१००, ७५, ५०, २५, १० टक्के लोड) फिल्टरशिवाय आणि फिल्टरसह किमान तीनदा घ्या. नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड वेगवेगळे मोजा. कॅटॅलिस्टमुळे दुसरा वाढू शकतो, आणि आरोग्याला तोच जास्त घातक.

अंदाजपत्रकात कॅलिब्रेशन गॅसचे (मोजणीची यंत्रं अचूक आहेत ना, हे तपासण्याच्या गॅसचे) सिलिंडर आणि खुद्द डिझेल हमखास राहून जातं. ७५ टक्के लोडवर या जनरेटरला तासाला सुमारे २० लिटर लागतं.

प्रश्न : सीपीसीबी ४-प्लसचे (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उत्सर्जनाचे कडक निकष पाळणारे) नवे जनरेटर आलेत, मग जुन्यांवर खर्च कशाला?

उत्तर : १ जुलै २०२३ पासूनचे हे निकष नव्याने बनणाऱ्या संचांसाठी आहेत. रुग्णालयं आणि सोसायट्यांमधले जुने संच अजून कित्येक वर्षं चालतील, तेही लोकांच्या खिडक्यांखाली. शिवाय एप्रिल २०२० पासून पंपावर १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग) इतकंच गंधक असलेलं डिझेल मिळतं, त्यामुळे गंधकाने बिघडणारा कॅटॅलिस्ट जुन्या इंजिनामागेही टिकू शकतो.