जावाच्या टीमला ग्रूव्ही या भाषेची ओळख कुठून करून द्यावी?

चाचण्यांपासून, प्रॉडक्शनच्या कोडला पहिल्या टप्प्यात हात लावू नका. ग्रूव्हीचंही जेव्हीएमचंच (जावा ज्यावर चालते त्या यंत्रणेचंच) बाइटकोड होतं, त्यामुळे आहे त्या जावा क्लासवर थेट स्पॉकच्या (ग्रूव्हीत चाचण्या लिहायच्या फ्रेमवर्कच्या) चाचण्या लिहिता येतात. ग्रेडल या बिल्डच्या साधनामध्ये ग्रूव्हीचं प्लगइन लावा आणि स्पॉक जोडा. त्याच्या आवृत्तीच्या नावातच ग्रूव्हीची आवृत्ती असते, ती जुळवून घ्या. स्पॉक २ असेल तर ज्युनिट प्लॅटफॉर्म (चाचण्या शोधून चालवणारी यंत्रणा) चालू करा, नाहीतर चाचण्या सापडतच नाहीत.

जावावाले अडखळतात ते इथे:

- == संदर्भ नव्हे, किंमत तपासतं.
- ओव्हरलोड केलेल्या मेथडपैकी कोणती चालणार हे आर्ग्युमेंटच्या प्रत्यक्ष टाइपवरून, चालतानाच ठरतं. जावातून जसाच्या तसा आणलेला कॉल वेगळ्याच मेथडकडे जाऊ शकतो.
- दुहेरी अवतरणात ${} आलं की ती जीस्ट्रिंग (ग्रूव्हीचा स्ट्रिंगहून वेगळा टाइप) होते. ती मॅपची की केली आणि साध्या स्ट्रिंगने शोधली, तर नल मिळतो. एरर येत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी शिकवा.

मात्र मेथडच्या नावातली चूक एरवी चालवल्यावरच कळते. चाचण्यांबाहेर ग्रूव्ही नेताना क्लासवर @CompileStatic (कंपाइल करतानाच अशा चुका पकडणारी खूण) लावा, ग्रूव्ही २.० पासून ती सोय आहे.