वाचकांचे प्रश्न : रिलेमध्ये रांग कुठे तुंबते?

प्रश्न : आमचा कारखाना रबाळे एमआयडीसीत आहे. गेटवरचे सहा कॅमेरे आणि केबिनमधला आयपी फोन ऑफिसला तीन वायरलेस टप्प्यांनी जोडलेत; मध्ये शेडच्या छपरांवर दोन रिले (डेटा पुढे ढकलणारे रेडिओ) आहेत. एरवी पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) ५-६ मिलिसेकंद असतो. वजनकाट्याच्या संगणकाचा बॅकअप ऑफिसच्या सर्व्हरवर जायला लागला की तोच ६०० वर जातो आणि फोनवरचा आवाज तुटतो. जास्त रॅमचे रिले घ्या, असं इन्स्टॉलर म्हणतो. घ्यावेत का?
— देखभाल विभाग, रबाळे

उत्तर : नको. जास्त रॅम म्हणजे पुढे जायची वाट बघणाऱ्या पॅकेटांची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) आणखी लांब रांग. ती दुप्पट केलीत तर ६०० चे १२०० होतील. हिशोब करून बघा. तीनही टप्पे एकाच चॅनेलवर असले की एक रेडिओ बोलताना बाकीच्यांना गप्प बसावं लागतं, आणि प्रत्येक पॅकेट हवेतून तीनदा जातं. एका टप्प्याला खरे ६० एमबीपीएस (सेकंदाला ६०० लाख बिट) मिळत असतील, तर गेट ते ऑफिस २० च उरतात. लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या रेडिओंत रांगेची मर्यादा बहुधा १००० पॅकेटची असते. १५०० बाइटच्या पॅकेटने ती भरली तर १५ लाख बाइट, म्हणजे १२० लाख बिट. २० एमबीपीएसने हे उपसायला ०.६ सेकंद लागतात. तुमचे ६०० मिलिसेकंद ते हेच. बॅकअपचा डेटा ज्या पद्धतीने जातो ते साधारण टीसीपी, एखादं पॅकेट हरवल्यावरच वेग आवरतं. रांग लांब असली की हरवल्याची खबर उशिरा लागते, तोवर बॅकअप रांग भरतच राहतो. फोनचं इवलंसं पॅकेट मग वजनकाट्यावर ट्रकांच्या मागे अडकलेल्या स्कूटरसारखं उभं.

आधी रांग कुठे आहे ते शोधा. बॅकअप चालू असताना केबिनमधून पहिला रिले, दुसरा रिले आणि ऑफिस यांना प्रत्येकी १०० पिंग द्या. पहिल्याचा आकडा ठीक आणि दुसऱ्याचा उडालेला, तर रांग पहिल्या रिलेत आहे. पहिल्याचाच उडाला, तर ती गेटच्या रेडिओत. दुसऱ्या रिलेत सांडलेलं पॅकेट सगळ्यात महाग पडतं, कारण त्याने दोन टप्प्यांची हवा आधीच खाल्लेली असते. टाकायचंच असेल तर ते गेटवर टाकावं.

म्हणून केबिनचा स्विच आणि गेटचा रेडिओ यांच्यामध्ये ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली) चालणारा राउटर बसवा, त्यात एसक्यूएम (रांग आवरणारं पॅकेज) टाकून एफक्यू-कोडेल ही रांग हाताळायची पद्धत निवडा आणि ऑफिसकडे जाणारा वेग मोजलेल्याच्या ८५ टक्के, म्हणजे १७ एमबीपीएसवर बांधा. आता रांग या राउटरमध्ये लागेल, रिले जवळजवळ रिकामे राहतील. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडलेलं कोडेल रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजतं. १०० मिलिसेकंदांत एकही पॅकेट ५ मिलिसेकंदांच्या आत सुटलं नाही, की ते पॅकेट टाकायला सुरुवात करतं. एफक्यूमुळे फोनला स्वतःची रांग मिळते. वेग मात्र पावसाळ्यात मोजा. इतक्या कमी अंतरावर ५ गिगाहर्ट्झला पावसाचं फारसं काही वाटत नाही, पण कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी आणि वाटेतल्या झाडांची ओली पानं वेग पाडतात. लिंक १२ वर आली आणि राउटर १७ वरच बांधलेला असला, की रांग परत रिलेत.

रिलेची मर्यादाही १००० वरून २०० वर आणा. फार खाली जाऊ नका. ८०२.११एन (वायफायची एक पिढी) रेडिओ एका दमात ६४ फ्रेमपर्यंत, म्हणजे हवेतली तेवढी पॅकेट, पाठवतो. रांगेत तेवढ्या नसतील तर वेग पडतो. शिवाय कॅमेऱ्याची एक आय-फ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) सहज १०० ते १५० केबी भरते. वीज गेली आणि आली की सहाही कॅमेरे एकदम उठतात, सहा आय-फ्रेम एकाच क्षणी सुटतात, सातशे केबीचा लोंढा येतो आणि चित्र पुढच्या आय-फ्रेमपर्यंत फाटतं. सगळ्या कॅमेऱ्यांत ५० फ्रेम ठेवण्याऐवजी दोन आय-फ्रेममधलं अंतर ४५, ४७, ५०, ५३ असं वेगवेगळं ठेवा.

फोनला डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) ४६ दिलेलं असेल तर एक खोच आहे. बरेच वायफाय रेडिओ त्यातले वरचे तीनच बिट वाचतात आणि पॅकेट आवाजाऐवजी व्हिडिओच्या वर्गात टाकतात. लिंकपुरतं ४८ द्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर प्रत्येक रिलेवर केबलने जोडलेले दोन रेडिओ ठेवा आणि तीन टप्प्यांना तीन दूरदूरची चॅनेल द्या. २० चे ५० च्या आसपास होतात. मग १७ चा आकडा बदलायला विसरू नका.

प्रश्न : घरात वायरलेस मेशचे (एकमेकांना वायफायने जोडलेले) तीन डबे आहेत. शेवटच्या खोलीत ऑनलाइन क्लास अडकतो. चौथा घ्यावा का?
— वाघबीळ, ठाणे

उत्तर : उलट एक काढा, वरच्यासारखाच दर टप्प्याला वेग वाटला जातो. शेवटचा डबा कॅट-६ केबलने मुख्य राउटरला जोडा. भाड्याचं घर असेल तर केबल दरवाजाच्या चौकटीवरून क्लिपा लावून न्या, भिंत फोडावी लागत नाही.

प्रश्न : खाडीच्या पाण्याची पातळी मोजणारे चार लोरा नोड (थोडा डेटा दूरवर पाठवणारे रेडिओ) आम्ही ओळीने लावलेत, डेटा एकातून दुसऱ्यात जात कॉलेजच्या गच्चीवरच्या गेटवेला पोचतो. दर ५ मिनिटांनी १२ बाइटची नोंद. नोडमधल्या ईएसपी-३२ नियंत्रक चिपच्या रॅममध्ये ५० नोंदींचा बफर आहे. गेटवेची वीज गेली की नोंदी हरवतात.
— विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : ५० नोंदी म्हणजे चार तास, असं वाटतं. पण गेटवेजवळच्या नोडकडे चौघांचा माल येतो, त्याचा बफर तासाभरात भरतो. शिवाय नोड डीप स्लीपमध्ये (वीज वाचवणाऱ्या झोपेत) गेला की साधी रॅम पुसली जाते.

डब्ल्यू२५क्यू३२ ही ४ एमबीची फ्लॅश चिप लावा. २५६ बाइटच्या पानात २१ नोंदी, ४ केबीच्या सेक्टरमध्ये (एका वेळी पुसला जाणारा भाग) ३३६. चौघांच्या मिळून रोज ११५२ होतात, त्यामुळे गेटवेजवळच्या नोडलाही नऊ महिने पुरतील. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘कुठपर्यंत लिहिलं’ हा आकडा दर नोंदीला एकाच सेक्टरमध्ये पुसून लिहिणं. सेक्टर साधारण एक लाख वेळा पुसता येतो. रोज ११५२ वेळा पुसलात तर तीन महिन्यांत मर्यादा गाठाल. त्याऐवजी १२ पैकी एक बाइट स्थितीसाठी ठेवा. फ्लॅशमध्ये १ चा ० न पुसता करता येतो, तेव्हा पोच आली की तो बाइट शून्य करा. सुरू होताना पहिली न पोचलेली नोंद क्रमांकावरून शोधा.

वीज आल्यावर सगळे नोड एकदम ओरडू लागले तर पॅकेट एकमेकांवर आदळतात. प्रत्येकाने यादृच्छिक काही सेकंद थांबून आधी ताजी नोंद पाठवावी, मग साठलेल्या दहा-दहा एका पॅकेटमध्ये. ती १२० बाइट होतात, लोराच्या २५५ च्या मर्यादेत बसतात.

पुढच्या नोडने आपल्या फ्लॅशमध्ये लिहून झाल्यावरच पोच द्यावी. पोचच हरवली तर नोंद दोनदा येईल, म्हणून गेटवेवर नोड आणि क्रमांक बघून दुसरी टाकून द्या. दोन बाइटचा क्रमांक २२७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा नोंदीची वेळही जोडीला तपासा.