आधी काम ठरवा, मग क्यूआर कोड छापा

प्रश्न : भावाची मुलगी 'एसएमए टाइप १' या स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजारानं दीड वर्षाची असताना गेली. तिच्या नावानं या आजारावरच्या संशोधनासाठी निधी जमवायचा आहे. गणेश मंडळाची पोरं वर्गणीला फिरायला तयार आहेत, अमेरिकेतला मावसभाऊही पैसे पाठवतो म्हणतो. तीन-चार लाख जमतील. ट्रस्ट काढावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ट्रस्ट काढू नका. नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, आयकराची कागदपत्रं यातच उत्साह संपतो. ज्या सरकारी किंवा धर्मादाय संस्थेत या आजारावर खरोखर काम चालतं, तिला ठरावीक कामासाठी देणगी द्या.

एसएमएवरचं '१६ कोटींचं इंजेक्शन' सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसल्यामुळे तीन-चार लाख म्हणजे काहीच नाही असं वाटतं. उपचाराच्या बाबतीत ते खरंही आहे. संशोधनाचा हिशेब मात्र वेगळा. ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये मिळतात. वर्षाचे ४,४४,००० झाले, घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे तुमच्या पैशांत एक तरुण संशोधक आठ-दहा महिने काम करेल. रुग्णनोंदणी, म्हणजे किती मुलं, कोणत्या वयात निदान झालं, श्वासाला मदत कधी लागली, याची एकसारखी नोंद ठेवणं, हे काम तेवढ्यात सुरू होतं. औषधाच्या चाचणीला मुलं शोधताना पहिली गरज याच वहीची लागते.

फ्रान्समध्ये रुग्णांच्या पालकांच्या संघटनेनं १९८७ मध्ये टीव्हीवरून 'टेलेथॉन' हा निधी जमवण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि त्या पैशांतून १९९० मध्ये 'जेनेथॉन' ही प्रयोगशाळा उभी राहिली. एसएमएचं जनुक १९९५ मध्ये पॅरिसच्याच संशोधकांनी शोधलं.

संस्थेकडून आधी एका पानाचा प्रस्ताव मागा : काम काय, किती महिन्यांचं, पगार किती, रसायनं किती, संस्थेचा व्यवस्थापन खर्च किती टक्के. हा शेवटचा आकडा लोक विचारत नाहीत आणि मग वर्षाअखेरीस तोंडघशी पडतात. मुलांची माहिती किंवा रक्ताचे नमुने लागणार असतील तर नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नका. रक्कम कमी जमली किंवा काम अर्ध्यावर थांबलं तर उरलेले पैसे कुठे जातील, हे करारपत्रात लिहून घ्या. आवाहनाच्या पत्रकावरही तेच छापा.

आता वर्गणी. मंडळाला धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१-क खाली मिळते ती परवानगी उत्सवासाठी असते. त्याच पावतीपुस्तकावर संशोधनाचे पैसे घेऊ नका. संस्थेचं अधिकारपत्र आणि तिचीच पावतीपुस्तकं घ्या. कोणतं पुस्तक कुणाकडे दिलं ते क्रमांकासह लिहून ठेवा. कोऱ्या आणि रद्द पावत्याही परत आल्या पाहिजेत. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. भावाच्या बचत खात्याचा कोड 'तात्पुरता' म्हणून लावला की आयकराला उत्तर त्यानं द्यायचं आणि गावाला संशय यायचा.

मावसभावाचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय असेल तर बँकेमार्फत आलेले त्याचे पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ठरतात. मग संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीची, नोंदणी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावी लागते. इथल्या खात्यात चुकून आली तर अडचण संस्थेला होते, त्याला नाही.

प्रश्न : संस्थेला देणगी म्हणून रोख ५,००० रुपये दिले, आयकरात ८०-जीची सवलत मिळेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली की सवलत जाते. यूपीआय किंवा धनादेशानं द्या आणि पावतीवर पॅन लिहायला लावा, नाहीतर संस्थेच्या विवरणात तुमचं नाव येत नाही आणि प्रमाणपत्र मिळत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ही सवलत मुळातच नाही.