निवृत्त झालेलं ऐतिहासिक प्रवासी जहाज हॉटेल करून टिकवता येतं का?

येतं, पण नुसत्या हॉटेलच्या कमाईवर नाही. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचची ‘क्वीन मेरी’ बघा. 1936 पासून अटलांटिकवर धावलेलं हे जहाज 1967 मध्ये त्या शहराने विकत घेतलं. बॉयलर काढून हॉटेल थाटलं. चालवणारे बदलत गेले, डागडुजी मागे पडत गेली. खाऱ्या पाण्यात पोलाद गंजायचं थांबत नाही. अखेर 2021 मध्ये शहराने कारभार हाती घेतला, तळातलं पाणी उपसणारे पंप बदलले. कुजलेल्या लाइफबोटींच्या वजनाने जहाजाच्या बाजूंवर ताण येत होता, त्या बहुतेक सगळ्या उतरवल्या. माझ्या मते हाच क्रम बरोबर: आधी सांगाडा, मग दिवाणखाना. ‘युनायटेड स्टेट्स’ नावाच्या अशाच एका जुन्या अमेरिकी प्रवासी जहाजाला असा धनी मिळालाच नाही. 2024 मध्ये फ्लोरिडातल्या एका काउंटीने (जिल्ह्यासारख्या प्रशासनाने) ते समुद्रात बुडवून कृत्रिम खडक करण्यासाठी घेतलं, याचं फार वाईट वाटतं.