लातूरमध्ये ८० फ्लॅटच्या सोसायटीला सांडपाणी शुद्ध करायला एमबीआर (पडद्याचा प्लांट) घ्यावा की एमबीबीआर (तरंगत्या चकत्यांचा)?

पाणी फ्लशला आणि झाडांनाच वापरायचं असेल तर एमबीबीआर घ्या, मागे वाळूचा फिल्टर आणि क्लोरीन. एमबीआरची किंमत झेपेल, निगा झेपणार नाही. घाण खाणारे दोन्हीकडे जिवाणूच. एमबीबीआरमध्ये ते प्लॅस्टिकच्या तरंगत्या चकत्यांवर थर धरून वाढतात आणि गाळ पुढच्या टाकीत तळाला बसतो. एमबीआरमध्ये ०.१ मायक्रॉनच्या आसपास छिद्रं असलेला पडदा गाळ अडवतो, पाणी काचेसारखं येतं. पण आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. पडद्यावर क्षार धरतात, मग सायट्रिक ॲसिडने धुणं, जिवाणूंच्या चिकट थरासाठी हायपोक्लोराइट, हे मागे लागतं. मी इथलाच एक प्लांट सांभाळतो. रात्रभर लाइट गेली, ब्लोअर (टाकीतल्या जिवाणूंना हवा पुरवणारं यंत्र) बंद राहिला, की तपकिरी टाकी सकाळी काळपट झालेली असते (वासाचं तर विचारूच नका). म्हणून प्लांट कुठलाही घ्या, ब्लोअर जनरेटरवर हवाच. जागा अगदीच अडचणीची असेल किंवा पुढे आरओ लावायचा असेल, तर मात्र एमबीआर. विरघळलेले क्षार तोही काढत नाही, त्याला आरओच लागतो.