मेक्सिको ऑलिंपिकमधल्या त्या दोन मुठींवर एकांकिका लिहायची, तर तो क्षण कुठे ठेवावा?

१९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटूंनी विजयमंचावर, राष्ट्रगीत चालू असताना, काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ उगारून वंशभेदाचा निषेध केला. त्यावर तुम्ही कॉलेजच्या स्पर्धेसाठी तासाभराची एकांकिका लिहिताय, आणि तुमचा प्रश्न असा: फोटोतला क्षण सुरुवातीला घ्यावा की शेवटी, आणि शेवटाला आपल्याकडचं काही जोडावं का. मी एकांकिका लिहितो, बसवतो, आणि हा विषय कित्येक वर्षं माझ्या डोक्यात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूठ शेवटी ठेवू नका, हे माझं ठाम मत. प्रेक्षकांपैकी अनेकांनी तो फोटो पाहिलेला असतो. पाऊण तास त्यांना त्याच क्षणाकडे नेलंत, मुठी वर, स्पॉट, ब्लॅकआउट, की टाळ्या हमखास पडतील. पण मग त्या दोघांना नंतर काय भोगावं लागलं ते राहूनच जातं, आणि आधी त्या दोघांनी आणि मंचावरच्या तिसऱ्या धावपटूने काय काय ठरवलं तेही नुसती पूर्वतयारी होऊन बसतं. माझ्या मते नाटक या ठरवण्यात आहे.

१६ ऑक्टोबर १९६८. दोनशे मीटरची अंतिम शर्यत झाली आहे. स्मिथ १९.८३ सेकंदांत पहिला, विश्वविक्रम. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन २०.०६ सेकंदांत दुसरा, कार्लोस २०.१० सेकंदांत तिसरा. पदकं मिळायला अवकाश आहे आणि तिघं एकत्र थांबलेत. तुमची एकांकिका इथे उघडू द्या.

कार्लोस आपले हातमोजे ऑलिंपिक व्हिलेजमध्येच विसरून आलाय. हाताशी एकच जोडी आहे. ती वाटून घ्या, असं नॉर्मनने सुचवलं असं सहसा सांगितलं जातं. म्हणून फोटोत स्मिथची उजवी मूठ वर आहे आणि कार्लोसची डावी. मग बूट उतरतात. पायांत नुसते काळे मोजे, कृष्णवर्णीयांच्या गरिबीची खूण. स्मिथच्या गळ्यात काळा स्कार्फ. कार्लोसच्या गळ्यात मणी, झुंडींनी फासावर लटकवलेल्या माणसांच्या आठवणीसाठी. हे सगळं प्रेक्षकांसमोर एकेक करून अंगावर चढू दे, आणि अर्थ सांगायला निवेदक आणू नका. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झालाय. कुठूनही गोळी येऊ शकते, ही भीती त्या दोघांना खरोखर होती. ती बोटांतून दिसली तर पुरे.

आणि नॉर्मनला बिल्ला हवाय. दोघांच्या जॅकेटवर ‘ऑलिंपिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्स’ या, वंशभेदाविरुद्धच्या खेळाडूंच्या चळवळीचा बिल्ला आहे, तसा. जास्तीचा कुणाकडेच नाही. शेवटी तो देतो पॉल हॉफमन, अमेरिकेच्या रोइंग संघातला सुकाणू धरणारा गोरा विद्यार्थी. पुढे त्यापायी हॉफमनची चौकशी झाली. एका बिल्ल्याची किंमत किती, हे कळायला हा एवढासा प्रसंग भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता मुख्य क्षण. विजयमंचावर नॉर्मन त्या दोघांच्या पुढे उभा होता, झेंड्यांकडे तोंड करून. पाठीमागचं त्याला दिसत नव्हतं. गर्दीतून कुणीतरी अमेरिकेचं राष्ट्रगीत गात होतं, तो आवाज विरत गेला, तेव्हा त्याला कळलं की त्यांनी केलं. हे त्यानेच नंतर सांगितलंय. म्हणजे दिग्दर्शकाला सगळं तयार मिळालंय. लेव्हल्स, म्हणजे मंचावरचे उंचवटे, अशा लावा की तिघांचीही तोंडं प्रेक्षकांकडे येतील, उजेड फक्त नॉर्मनच्या चेहऱ्यावर ठेवा, आणि मागच्या अंधारात हात वर जाऊ देत. आवाज कमी होत जातो, हे आधी प्रेक्षकांच्या कानाला कळू दे, मग प्रकाश मागे न्या. हा क्षण साधारण विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला संपवा.

वेळेचाही विचार करा. शर्यत वीस सेकंदांची आहे, ती रंगमंचावर खऱ्या वेळेत करता येते. एका कार्यशाळेत मी मुलांकडून नुसत्या पावलांच्या ठेक्यावर, जागच्या जागी, घड्याळ लावून करून घेतली होती. बघणाऱ्यांचा श्वास अडकला होता. त्याउलट राष्ट्रगीत मिनिटभराहून जास्त चालतं. तितका वेळ हात वर धरून मान खाली ठेवायची म्हणजे खांदा भरून येतो, ही सवय तालमीच्या पहिल्या दिवसापासून लावा. आणि फोटो नीट बघा: स्मिथचा हात ताठ उभा आहे, कार्लोसचा कोपरात वाकलेला. दोन नटांना एकसारखं उभं करू नका.

नॉर्मनमध्ये एक धोका आहे. त्याची गोष्ट फार लोभस आहे. मायदेशी त्याची उपेक्षा झाली, १९७२च्या म्युनिकला त्याला नेलं नाही, २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची मरणोत्तर माफी मागितली, आणि २००६ साली त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस आले होते. त्याचा २०.०६चा राष्ट्रीय विक्रम थेट डिसेंबर २०२४ मध्ये गाउट गाउट या तरुण ऑस्ट्रेलियन धावपटूने मोडला. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या लेखांत बघता बघता तोच नायक होतो आणि ज्यांनी मुठी उगारल्या ते त्याच्या मागचा पडदा होऊन जातात. हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत सॅन होजे इथल्या विद्यापीठात २००५ साली या प्रसंगाचे पुतळे बसले, तेव्हा नॉर्मनची जागा त्याच्याच इच्छेने रिकामी ठेवली गेली. येणाऱ्या कुणालाही तिथे उभं राहता यावं म्हणून. तुम्हीही तेवढीच जागा त्याला द्या.

उरलेला अर्धा तास त्या दोघांचा असू दे. वाट्याने कापूस पिकवणाऱ्या घरातला मितभाषी स्मिथ आणि हार्लेममध्ये वाढलेला, तोंडाने फटकळ कार्लोस. एकमेकांपेक्षा फार वेगळी माणसं, आणि पुढच्या आयुष्यात दोघांच्या आठवणी सगळीकडे जुळतही नाहीत. त्या जुळवायच्या भानगडीत पडू नका. दोन म्हातारे एकाच दिवसाबद्दल वाद घालताहेत, या दृश्यात मला फार जीव दिसतो.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना खलनायक करायचा मोह होईल. त्यांना नुसतं बोलू द्या. खेळात राजकारण नको म्हणणारे हेच गृहस्थ १९३६ साली अमेरिकन ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते आणि बर्लिनमधल्या नाझी सलामीला त्यांचा आक्षेप नव्हता. स्मिथ-कार्लोसना घालवा, नाहीतर अमेरिकेचा सगळा ॲथलेटिक्स संघ बाहेर काढू, या धमकीनंतर दोघांना जावं लागलं. मात्र त्यांची पदकं काढून घेतली हे खोटं आहे, ते संहितेत येऊ देऊ नका. पदकं त्यांच्याकडेच राहिली. पुढची कित्येक वर्षं वाट्याला आल्या त्या धमक्या आणि पोटासाठीची ओढाताण.

आणखी एक पात्र हवंच: वायोमिया टायस. शंभर मीटरचं सुवर्ण लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये जिंकणारी ती पहिली धावपटू. या चळवळीने महिला खेळाडूंना विचारलंच नव्हतं, तरी तिने रिलेचं आपलं सुवर्णपदक स्मिथ आणि कार्लोस यांना अर्पण केलं. तिचा एक प्रवेश लिहाच. तिथे एकांकिका स्वतःच्या नायकांनाही प्रश्न विचारते.

मेक्सिकोलाही नुसतं नेपथ्य करू नका. उद्घाटनाच्या दहा दिवस आधी, २ ऑक्टोबरला, त्याच शहरातल्या त्लातेलोल्को चौकात सैन्याने विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार केला होता.

नटांचे चेहरे काळे रंगवू नका. ज्यांच्या रंगाची शतकानुशतकं थट्टा झाली, त्यांच्या गोष्टीत तो रंग चेहऱ्याला फासणं हा अपमान आहे. नट चांगला असेल तर रंगाशिवाय प्रेक्षक त्याला स्मिथ मानतो.

राहिला आपल्याकडचं जोडायचा प्रश्न. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. इतका थेट धागा असल्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा विषय परका नाही; त्याला खुणेची गरज नाही. २०२३ साली जंतरमंतरवर बसलेल्या पैलवानांचा प्रसंग शेवटच्या पाच मिनिटांत चिकटवायचा तुमचा विचार दिसतो. तसं करू नका. विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया आपली पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले होते, आणि तिथे शेतकरी नेते नरेश टिकैत यांनी मध्ये पडून त्यांना थांबवलं. त्या घाटावर कुणी काय ठरवलं आणि का, याला अख्खा तास लागेल. ती तुमची पुढची एकांकिका करा.